गॅस जातो कुठे?

गाडीच्या एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरतो, कंप्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत तो उष्णता सोडतो आणि पुन्हा आत येतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, एवढाच त्याचा अर्थ. आधी गळती शोधायची, मग गॅस भरायचा. हे मी परवा नागपुरात, मानेवाड्याच्या एका गॅरेजात, भर दुपारी, शांतपणे समजावून सांगितलं आणि तिथं हजर असलेली सगळी माणसं हसली. मेकॅनिक गाडीखाली होता, त्याचे फक्त पाय दिसत होते. तेसुद्धा हसले.

मी तयारी करून गेलो होतो, राग त्याचाच जास्त आहे. डिकी रिकामी केली, टोलच्या डबीतले सुटे पैसे काढले, किलोमीटरचा आणि स्टेपनीचा फोटो काढून ठेवला. बायकोनं इस्त्रीचा शर्ट घालू दिला नाही; तिच्या मते कॉलर कडक दिसली की बिलात पाचशे रुपये वाढतात. आणि गाडीच्या सगळ्या तक्रारी मी एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून घेतल्या.

त्यातली खटखट पकडायलाच मला किती हिंडावं लागलं! आपल्या शहरात आता जिकडेतिकडे सिमेंटचे रस्ते. आमच्या गल्लीत रस्ता इतका उंच झाला की पावसाळ्यात पाणी विचारपूस न करता अंगणात येतं, पण ते जाऊ द्या. सिमेंटच्या रस्त्याला ठरावीक अंतरावर सांधे असतात आणि प्रत्येक सांध्यावर चाक ठक्‌ करतं. त्यामुळे गाडी वाजतेय की महानगरपालिका, ते कळायला मार्ग नाही. शेवटी एक जुना डांबरी तुकडा शोधून, खिडक्या उघड्या टाकून, रेडिओ बंद करून, उन्हात मी निदान केलं. कागदावर लिहिलं.

गॅरेजात शिरलो तर समोर एक मोठा कूलर, कूलरसमोर एकुलती एक खुर्ची आणि खुर्चीत एक गृहस्थ. शर्टाची बटणं उघडी, डोक्याला दुपट्टा, तळहातावर पन्नीत खर्रा घोटणं चाललेलं. चेहऱ्यावर अशी मालकी की कोणीही त्यांनाच मालक समजलं असतं.

"काय झालं जी गाडीले?"

मी कागद पुढे केला. त्यांनी खर्रा मांडीवर ठेवला, कागद हातभर लांब धरला आणि लग्नात मंगलाष्टकं म्हणावीत तशा आवाजात सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला सुरुवात केली.

"'पुढील डावे चाक. गतिरोधकावरून जाताना खटखट.' गतिरोधक! बाप्पा! मास्तर हाय का तुम्ही?"

"नाही, बँकेत आहे."

"मंग ब्रेकर म्हणा न. 'लिंक रॉड किंवा लोअर आर्मचा बुश असण्याची शक्यता.'" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अरे, डॉक्टर आले रे! आता तुमचं काय काम?"

हे गाडीखालच्या पायांना उद्देशून होतं.

"'ब्रेक दाबल्यावर बारीक किंकाळी.'" इथं त्यांनी एक किंकाळी मारून दाखवली. टायर काढणारा पोट्टा पाना टाकून पोट धरून बसला. वास्तविक ब्रेक पॅडला एक पत्री मुद्दाम लावलेली असते; पॅड झिजला की ती चकतीला घासून ओरडते, म्हणजे बहिऱ्या मालकालाही कळावं. मी हेच सांगायला तोंड उघडलं होतं, पण ते पुढच्या ओळीवर पोचले होते.

"'एसी गार करत नाही. गॅस मागच्या उन्हाळ्यातच भरला होता. बंद सर्किटमधला गॅस जातो कुठे?'"

ते थांबले. खर्रा तोंडात सारला. मग अगदी प्रेमानं विचारलं,

"तुमच्या घरचा सिलिंडर नाही संपत का जी?"

झालं. सगळं गॅरेज कोसळलं. मी म्हणालो, "काका, सिलिंडरमधला गॅस जळतो. हा जळत नाही."

"जळत नाही?"

"नाही."

"मंग गरम हवा काहून येऊन राहिली?"

याच्यावर उत्तर आहे. उत्तर बरोबर आहे. पण ते द्यायला निदान पाच वाक्यं लागतात, आणि गॅरेजात दुसऱ्या वाक्याला कोणी थांबत नाही. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं होतं, आठवत असेल. हवामान खात्यानं नंतर सांगितलं की सेन्सर बिघडलाय. ते कोणाच्या लक्षात आहे? ५६ मात्र आमच्या कॉलनीत अजून शपथेवर सांगतात.

त्यांचं एवढ्यावर भागलं नाही. "कितीले घेतली?" मी आकडा सांगितला. "सेकंडहँड?" हो. "कोणत्या साली?" चोवीस साली. ते उठले. कूलर सोडून उठले, यावरून प्रसंगाचं गांभीर्य ओळखा. "पुरातली असंन."

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्तीत शिरली आणि कितीतरी गाड्या उभ्या जागी बुडाल्या. तेव्हापासून इथं जुनी गाडी घेणारा प्रत्येक जण मॅट उचलून वास घेतो. मीही घेतला होता, सीटखालचे नट गंजलेत का तेही पाहिलं होतं. पण या गृहस्थांनी दार उघडलं, दुपट्ट्यासकट डोकं आत घातलं, एक दीर्घ श्वास घेतला आणि जाहीर केलं, "कुबट." तो कुबट वास ते डोकं आत जाण्यापूर्वी गाडीत नव्हता. मी हे बोललो नाही. बोलायला हवं होतं.

एवढ्यात मेकॅनिक बाहेर आला, हात पुसायला माझाच कागद घेतला आणि विचारलं कोणाला? खुर्चीला.

"काय म्हणून राहिले, काका?"

"खटखट हाय म्हणते. बुश पाहून घे. अन् गॅस मारून दे."

बुश पाहून घे! हे माझंच निदान होतं. माझ्या कागदावरचं. आणि गळतीचा विषय संपला. कारण गळती शोधायची तर नायट्रोजन भरून दाब धरतो का पाहावं लागतं किंवा रंग सोडून कुठं पाझरतोय ते शोधावं लागतं, त्यात वेळ जातो. गॅस मारला की गिऱ्हाईक खूश, आणि पुढच्या एप्रिलात परत हजर. 'माहिती काढून जा, मग कोणी फसवत नाही' असं सांगणारे लोक मला भेटायचेत. माहिती काढून गेलं तरी फसवतातच. फक्त आपल्याला ते नीट समजतं.

ते काका कोण? मी पोट्ट्याला हळूच विचारलं. "कोणी नाही. घरचा कूलर खराब हाय त्यांचा."

संध्याकाळी फोन केला. उचलला त्यांनीच.

"झाली जी गाडी. मेडिकल चौकापर्यंत नेऊन आणली मी."

"तुम्ही नेली?"

"मंग ट्रायल कोण घेईन? खटखट गेली. एसी झकास."

"गळती पाहिली का?"

"पाहिली न. खाली पाणी टपकून राहिलं, तेवढंच." गार नळीवर हवेतली वाफ धरते, ते पाणी टपकायलाच हवं असतं. मी श्वास घेतला, पण त्यांचं संपलं नव्हतं.

"अन् भाऊ, पेट्रोल रिझर्ववर आलं. पोट्ट्याले घेऊन जरा सक्करदऱ्याले जायचं होतं, ते राहून गेलं. असं नसते ठेवत गाडीले."