बाथरूममध्ये टीव्ही लावायचाय म्हणे!

घरातला टीव्ही कुणाचा, हे रिमोट कुणाच्या हातात आहे त्यावरून ठरतं. आणि आमच्याकडे रिमोट माझ्या हातात येतो तो सेल बदलण्यापुरता. संध्याकाळ आईच्या मालिकांची, त्यानंतरचा वेळ चिरंजीवांच्या गेमचा, आणि रात्री बायको दुसऱ्यांची घरं कशी सजवतात ते बघत बसते. बातम्या मी बघतो त्या त्यांच्या जाहिराती लागल्या की, त्याही उभ्याने. आतून कडी लावून घ्यावी आणि कुणी 'का' म्हणून विचारू नये, अशी या घरात एकच खोली आहे. तिच्या भिंतीवर एक लहानसा टीव्ही लावावा, एवढंच माझं म्हणणं. याला चैन म्हणणाऱ्यांनी उभ्याने बातम्या बघून दाखवाव्यात.

"अहो, एरवीच तुम्ही आत गेलात की बाहेर यायचं नाव घेत नाही," बायको म्हणाली.

"पाणी आणि वीज एका खोलीत? माझ्या डोळ्यांदेखत नको रे बाबा," आई म्हणाली.

"किती इंची?" चिरंजीवांनी विचारलं. घरात व्यवहाराचं बोलणारा तेवढा एकच.

मेहुण्याने अर्थातच फुकटातला तोडगा काढला. "दाजी, जुना टीव्ही पडलाय ना? वरून प्लास्टिक गुंडाळा, चिकटपट्टी मारा, विषय संपला." विषय खरोखरच संपला असता, आणि कदाचित माझाही. साध्या टीव्हीच्या पाठीला गरम हवा बाहेर पडायला जाळीची भोकं असतात. ती झाकली की टीव्ही आतल्या आत तापणार, आणि जी दमट हवा आधीच आत शिरलीय ती तिथेच कोंडली जाणार. शिवाय बाथरूममध्ये खरी भीती थेंबांची नाहीच. थेंब दिसतो, पुसता येतो. वाफ दिसेनाशी होते ती गेली म्हणून नव्हे, कुठेतरी बसली म्हणून. गार पृष्ठभाग सापडला की तिचं पाणी होतं. आरशावर होतं ते आपल्याला दिसतं, टीव्हीच्या आत सर्किटवर होतं ते दिसत नाही, एवढाच फरक. साध्या टीव्हीच्या माहितीपत्रकात 'पाण्याजवळ वापरू नये' असं सुरुवातीलाच छापलेलं असतं. पण माहितीपत्रक कोण वाचतं? मेहुण्याने तर खोकंसुद्धा उलटं उघडलं असतं.

मग वायरमनला बोलावलं. मितभाषी माणूस. कानावर पेन्सिल, कमरेला टेस्टर आणि चेहऱ्यावर सगळ्या जगाची वायरिंग बघून आलेली उदासी. त्याने टीव्हीबद्दल काहीच विचारलं नाही. "शॉवर कुठाय?" म्हणाला, आणि टेप काढली.

पाणी किती जवळ येतं त्यावरून विजेसाठी बाथरूमचे झोन पाडलेले असतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी त्या खोलीत इतकी वर्षं अज्ञानी अवस्थेत आंघोळ करत होतो. टबाच्या आतला भाग झोन शून्य. त्याच्या वरचा, जमिनीपासून २२५ सेंटीमीटरपर्यंतचा, झोन एक. त्याच्या बाजूला आणखी ६० सेंटीमीटर झोन दोन. आमच्यासारखा खाली पाणी धरणारा ट्रे नसलेला नुसता शॉवर असेल तर झोन दोन नसतोच. त्याऐवजी झोन एकच शॉवरच्या तोंडापासून चहूबाजूंनी १२० सेंटीमीटर पसरतो. हे मोजमाप आंतरराष्ट्रीय वीजमानकांतलं आहे, त्यामुळे हुज्जत घालायला समोर कुणी नव्हतं. वायरमनने टेप ताणली, टाइलवर पेन्सिलने खुणा केल्या आणि दोन पावलं मागे सरून म्हणाला, "साहेब, या रेषेच्या आत टीव्ही नाही."

रेषेच्या बाहेर काय उरलं? दार.

"दारामागे लावू," मी म्हणालो. त्याने काही न बोलता दार उघडून दाखवलं. ते बरोबर टीव्हीच्या जागेवर जाऊन थडकलं.

"मग वर लावू. २२५च्या वर झोन संपतो ना?" मी नियमातली फट शोधली होती आणि मला तिचा अभिमान वाटत होता.

"संपतो. पण सगळी वाफ वरच जाते. आणि मान?" 'मान' या शब्दानंतर तो बराच वेळ माझ्या मानेकडे बघत राहिला. शेवटी वॉशबेसिनच्या पलीकडे भिंतीचा एक तुकडा निघाला, रेषेच्या जेमतेम बाहेरचा. तिथे मावेल एवढाच टीव्ही घ्यायचा, म्हणजे 'किती इंची' या प्रश्नाचंही उत्तर मिळालं. चिरंजीव नाराज झाले.

बाथरूमसाठी वेगळे टीव्ही मिळतात. विक्रेता फोनवर म्हणाला, "एकदम वॉटरप्रूफ आहे साहेब." मी ते वायरमनला कळवलं. तो म्हणाला, "आकडा किती?" हा माणूस आकड्याशिवाय कशावरच विश्वास ठेवत नाही. वस्तू धूळ-पाणी किती सोसते ते सांगणाऱ्या आयपी या अक्षरांपुढे दोन आकडे असतात: पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा, आणि जी चाचणी घेतलेलीच नसते तिथे एक्स. पाण्याच्या बाजूला ४ म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे सोसणारा, ५ म्हणजे नळीची धार झेलणारा, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडून जिवंत निघणारा. मला साहजिकच ७ हवा होता.

"साहेब, टीव्ही टांगायचाय की बुडवायचाय?"

वर त्याने आणखी एक धक्का दिला. ७ वाला ५ची परीक्षा पास असेलच असं नाही. बुडण्याची परीक्षा वेगळी, धारेची वेगळी. आणि या सगळ्या उतरंडीत वाफेला कुठे जागाच नाही. गरम पाणी भेटतं ते थेट ९ या आकड्यापाशी, तेही ८० अंशांचं आणि प्रचंड दाबाच्या फवाऱ्याचं. तशी आंघोळ आमच्याकडे कुणी करत नाही. आम्ही आयपी ६५ वर तडजोड केली आणि वाफेसाठी एक्झॉस्ट फॅन लावायचं ठरलं. हा फॅन पुढे माझ्या मुळावर आला, ते नंतर.

टीव्ही १२ व्होल्टवर चालणारा घ्यायचा, ही वायरमनची अट. म्हणजे २३० व्होल्ट बाथरूममध्ये शिरतच नाहीत; ते बाहेर अ‍ॅडॉप्टरपाशी थांबतात आणि आत येते एक बारीक, निरुपद्रवी वायर. ओल्या अंगाला करंट फार सहज धरतो, त्यामुळे याहून शहाणपणाची गोष्ट नाही, हे मला तत्काळ पटलं. फक्त एक गोष्ट उशिरा लक्षात आली. अ‍ॅडॉप्टर बाहेर, म्हणजे त्याचं बटणही बाहेर. पॅसेजमध्ये. कुणाच्याही हाताला येईल अशा उंचीवर. कडी माझ्याकडे आणि करंट घरच्यांकडे, अशी सत्तेची वाटणी झाली.

वायरमनला बोर्डात आणखी एक खटका हवा होता. "एमसीबी आहे की बोर्डात," मी एकदा म्हणून बघितलं. वायरमनने पहिल्यांदाच लांब वाक्य बोललं. "एमसीबी वायरीला वाचवतो साहेब, माणसाला नाही." एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरपर्यंत स्वस्थ बसतो; माणसाचं काम त्याच्या शेकडो पटींनी कमी करंटमध्ये आटोपतं. म्हणून आरसीसीबी. तो फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, एवढंच बघतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो करंट कुणाच्या तरी अंगातून जातोय असं धरून चालतो आणि डोळ्यांचं पातं लवायच्या आत सगळं बंद करतो. त्याच्यावर 'टी' लिहिलेलं एक बटण असतं. ते अधूनमधून दाबून बघायचं. दिवे गेले तर सगळं ठीक. दिवे गेल्यावर आनंद व्हावा असं घरात दुसरं ठिकाण नाही. मी पहिल्यांदा दाबलं तेव्हा चिरंजीवांचा गेम कुठल्याशा शेवटच्या पातळीवर होता. त्या दिवशी आरसीसीबी वाचवू शकत नाही असेही धोके असतात हे कळलं.

आता भोकं. टाइलला भोक पाडणं ही बघण्याची गोष्ट आहे. आधी वायरमनने डॉक्टर पाठ ठोकून बघतात तशी प्रत्येक टाइल बोटाने ठोकून बघितली. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर मागे सिमेंट नाही, तिथे वजन टांगायचं नाही. नळाच्या आणि शॉवरच्या सरळ रेषेत वर-खाली हात लावायचा नाही, कारण भिंतीतला पाइप बहुधा त्याच रेषेत गेलेला असतो. मग खुणेवर कागदी चिकटपट्टी, म्हणजे ड्रिलचं टोक गुळगुळीत टाइलवरून घसरत नाही. टाइलचं वेगळं बिट. हॅमर, म्हणजे मशिनची ठोके मारायची सोय, बंद. मशिन सावकाश, आणि मी बाटलीने पाण्याची बारीक धार सोडणार. तीही तोंडी सूचनांसह: "बिटावर सोडा साहेब, मशिनवर नको."

आधी पांढरी भुकटी आली. ती पाण्यात कालवून भिंतीवरून दुधाळ ओघळ उतरला. मग राखाडी, म्हणजे सिमेंट लागलं. मग बिट बदलून हॅमर चालू, आणि भिंतीतून विटेची लाल भुकटी भुरभुरली. तोवर वायरमन श्वास रोखून होता. लाल बघितल्यावर त्याने मान डोलावली. पाणी आलं असतं तर ती वेगळी गोष्ट झाली असती. भोकात स्क्रू धरणारी प्लास्टिकची गिट्टी, तोंडाशी सिलिकॉन, ब्रॅकेटला गंज न धरणारे स्टीलचे स्क्रू. टीव्हीच्या पाठीवरची चार भोकं ठरीव अंतरावर असतात, १०० बाय १०० मिलिमीटर वगैरे, त्यामुळे ब्रॅकेट पहिल्या झटक्यात बसलं. एवढ्या सगळ्या प्रकरणात माझ्या बाजूने लागलेला हा एकच नियम.

टीव्ही लागला. चित्र उत्तम. मी कडी लावली, शॉवर सोडला, बातम्या लावल्या. आणि समोर रंगीत धुकं.

माझा चश्मा काढलेला होता. चश्म्याशिवाय मला १२० सेंटीमीटरपलीकडचा माणूस ओळखू येत नाही, खालून सरकणाऱ्या बातम्या कुठून वाचणार? चश्मा घातला तर काचांवर वाफ. चिरंजीव म्हणाले, "बाबा, लेन्स लावा." पण लेन्स घालून आंघोळ करू नये, पाण्यातले जंतू डोळ्याला नडतात. उरला एक्झॉस्ट फॅन. फॅन लावला तर काच निवळते, पण त्याच्या घरघरीत निवेदिका काय म्हणते ते कळत नाही. फॅन बंद केला तर ती ऐकू येते, पण दिसत नाही. आवाज वाढवला तर आई बाहेरून ओरडते, "अरे, माझ्या मालिकेत कोण निवडून आलंय?"

बरेच प्रयोग करून मी आता एक पद्धत बसवली आहे. टीव्ही बंद ठेवून आंघोळ उरकायची. फॅन लावून सगळी वाफ जाऊ द्यायची. अंग पुसून, कपडे करून, चश्मा लावून, फॅन बंद करून, शॉवरकडे पाठ करून स्टुलावर बसायचं आणि बातम्या लावायच्या. अतिशय स्पष्ट दिसतं, ऐकूही येतं. मानकांचं पूर्ण पालन होतं.

परवा ठळक बातम्या संपत आल्या आणि दारावर थाप पडली.

"अहो, आंघोळ झाली का?"

"कधीच झाली."

"मग आत काय करताय?"

"बातम्या. फक्त हवामान राहिलंय."

"हवामान काय, दमटच असणार. आरशाकडे बघा आणि या बाहेर," ती म्हणाली, आणि पॅसेजमध्ये खट्कन बटण वाजलं.