सातशे रुपयांचा ड्रम

आमच्या तालुक्याच्या गावी बसस्टँडच्या मागं भंगारवाल्या चाचांचं दुकान आहे. तिथं दोनशे लिटरचा जुना ऑइलचा ड्रम सातशे रुपयाला मिळतो, घासाघीस केली तर साडेसहाशेला, आणि चाचा खुशीत असले तर वर झाकण फुकट. हा ड्रम घ्यायला मला आठ महिने लागले आणि शेवटी घेतला तो स्वतःच्या खिशातून. मधे काय काय झालं ते इथं लिहितोय कारण बायकोला सांगून झालंय आणि ती आता ऐकत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका छोट्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. ऑगस्टमधे प्राचार्य सरांनी बोलावून एक सर्क्युलर पुढं सरकवलं. एका मोठ्या विद्यापीठाची (नाव सांगत नाही, दुसरा हप्ता यायचाय) ग्रँट होती, शाश्वत विकासाच्या "सहयोगी" प्रकल्पांसाठी. सहयोगी म्हणजे एकट्यानं केलेलं चांगलं काम चालत नाही, किमान तीन संस्थांनी मिळून केलेलं पाहिजे, मग ते कसंही असो. सर म्हणाले, "तुम्ही घ्या हे, नॅकला कामी येते." नॅक म्हणजे कॉलेजांना ग्रेड देणारी संस्था, आणि नॅकला कामी येते हे आमच्याकडे सुप्रीम कोर्टाचं वाक्य आहे, त्याच्यावर अपील नाही.

विषय मात्र माझ्या डोक्यात आधीपासून होता. पऱ्हाटी. कापूस वेचून झाला की वावरात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उभ्या राहतात, त्या तशाच ठेवून फरदड (त्याच झाडांचं पुढचं पीक) घेतली किंवा उपटून धुऱ्यावर रचून ठेवल्या तर गुलाबी बोंडअळी त्यात मजेत राहते आणि पुढच्या हंगामाला पुन्हा हजर होते, म्हणून लोक काय करतात तर पेटवून देतात. थोडी चुलीला, थोडी कुडाला, बाकीची आगीला. पण हीच पऱ्हाटी ड्रममधे कमी हवेत जाळली तर राख न होता कोळसा होतो, त्याला बायोचार म्हणतात, तो शेणाच्या काल्यात भिजवून मातीत घातला की त्यातला कार्बन धूर होऊन वर न जाता वर्षानुवर्षं जमिनीत राहतो. लागतं काय? पऱ्हाटी, काडीपेटी आणि एक ड्रम. मला वाटलं प्रपोजल दोन पानांत होईल. झालं एक्केचाळीस.

कारण शाश्वत विकासाची ध्येयं आहेत 17 आणि त्यांच्याखाली उद्दिष्टं आहेत 169, संयुक्त राष्ट्रांनी 2015 मधे ठरवलेली, मुदत 2030. आमचा ड्रम यातल्या कशाकशात बसतो ते तक्त्यात दाखवायचं होतं. ध्येय 13 हवामान, बसला. ध्येय 15 जमीन, बसला. ध्येय 12 म्हणजे वस्तू जपून वापरा, पुन्हा वापरा, हे तर अगदी आपलंच. ध्येय 17 भागीदारी, ती सक्तीचीच होती. रात्री साडेअकरापर्यंत मी त्या ड्रमला ध्येयांमधे कोंबत बसलो होतो, आणि सुरुवातीला 1987 च्या ब्रुंटलँड अहवालातली शाश्वत विकासाची व्याख्या टाकली, कारण ती टाकल्याशिवाय प्रपोजल सुरू होत नाही, जसं मांडवात गणपतीशिवाय काही सुरू होत नाही.

मग भागीदार. एक आम्ही. दुसरं शहरातलं एक कॉलेज, तिथल्या प्राध्यापकांना मी आजपर्यंत फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर भेटलोय, ते प्रत्येक मेसेजला हात जोडलेला इमोजी पाठवतात आणि प्रकल्पातलं त्यांचं योगदान आजपावेतो तेवढंच आहे. तिसरी ग्रामपंचायत. सरपंचताईंकडे करार घेऊन गेलो, त्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, दुसरं उलटवलं आणि म्हणाल्या, "सर, हे घरकुलाचं त नाही ना? घरकुलाचं नसन त करते सही, त्या यादीपायी लोक रोज दारात येऊन बसून रायले." नाही म्हटलं. लगेच सही, शिक्का, चहा. एवढं सुरळीत काम या प्रकल्पात पुन्हा कुठं झालं नाही. कराराला पाचशेचा स्टँपपेपर लागला, म्हणजे जवळजवळ ड्रमाएवढाच, आणि तो खर्च मंजुरीच्या आधीचा म्हणून ग्रँटमधे धरता येत नाही असं नंतर कळलं.

ज्यांच्या वावरात प्रयोग करायचा ते काका मात्र सहजी ऐकेनात.

"म्हंजे वावरात जाळाचं नाही म्हनता."

"नाही."

"अन् डरमात जाळाचं म्हनता."

"हो. हवा कमी लागते त्यात."

"हवा कमी कराचे सरकार पैसे देऊन रायलं?"

मी म्हटलं तसंच समजा. ते म्हणाले मग ठीक आहे.

डिसेंबरात मंजुरीचं पत्र आलं. मागितले होते तीन लाख, मिळाले एक लाख ऐंशी, तेही दोन हप्त्यांत. स्वतंत्र झिरो बॅलन्स खातं काढा म्हणाले. ते काढायला बँकेत सहा चकरा, त्यातल्या चार चकरांना लिंक नव्हती, त्याबद्दल काय लिहायचं, तुम्हाला माहीतच आहे. जानेवारी गेला. फेब्रुवारीत आजूबाजूच्या सगळ्यांनी पऱ्हाट्या उपटून पेटवूनही दिल्या, संध्याकाळी कॉलेजातून घरी येताना दोन्ही बाजूला धूर आणि मधून मी, पऱ्हाटी-धूर-निर्मूलन प्रकल्पाचा प्रमुख, डोळे चोळत, मोटरसायकलवर. पैसे खात्यात पडले 19 मार्चला, रात्री पावणेनऊला. सोबत पत्र, की रक्कम 31 मार्चच्या आत खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र (यूसी) सादर करावं.

बारा दिवस. त्यात दोन रविवार, आणि मधल्या शनिवारी बँकेला सुटी.

मी सरळ चाचांकडे गेलो. म्हटलं चाचा, ड्रम द्या आणि पक्कं बिल द्या. चाचा म्हणाले, "बिल कायचं सर, मी त लोखंड काट्यावर घेतो अन् काट्यावर देतो." म्हटलं बरं, निदान लेटरहेडवर कोटेशन द्या, तीन लागतात, दोन मी बघतो. चाचांनी ड्रमाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "सातशेच्या डरमाले तीन कागद? मंग डरम कायले पायजे, कागदच जाळा ना."

तरी मी अकाउंट सेक्शनला जाऊन विचारलं. तिथले भाऊ सज्जन माणूस, पण मार्च महिन्यात सज्जनपणा टेबलाच्या ड्रॉवरमधे ठेवतात. म्हणाले, "सर, सेकंडहँड माल चालत नाही. ऑडिटला मी काय सांगू?" मी म्हटलं अहो प्रकल्पच पुनर्वापराचा आहे, जुना ड्रम वापरणं हेच तर गोल 12 आहे. ते म्हणाले, "गोल कोणताही असू द्या, खर्चाचं हेड कोणतं ते सांगा." मी म्हटलं गाडगेबाबांनी गावं झाडली, तेव्हा खराट्याची तीन कोटेशनं मागवली होती का? ते म्हणाले, "त्यांना यूसी द्यायचं नव्हतं सर." यावर मला काही सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

तर नवा ड्रम. तीन वेगवेगळ्या दुकानांची कोटेशनं एका दिवसात, एकाच मुलाच्या हातून आली आणि तिन्हीत डिलिव्हरी या शब्दाचं स्पेलिंग एकाच जागी चुकलेलं होतं. सगळ्यात कमी दर दोन हजार चारशे, वर जीएसटी, वर नागपूरहून आणायचं गाडीभाडं अठराशे. 30 मार्चला दुपारी एक अख्खी मिनी ट्रक एक रिकामा ड्रम घेऊन कॉलेजच्या गेटमधून आत आली. निळा, चकचकीत, आरशासारखा. पोरांनी त्यात तोंड पाहून केस नीट केले. प्राचार्य सर स्वतः बाहेर आले. त्या ट्रकनं किती डिझेल जाळलं याचा हिशेब मी केला नाही, तेवढं केमिस्ट्री येतं मला पण तेवढी हिंमत नाही.

ड्रमाची डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे कॉलेजच्या कायमच्या वस्तूंच्या वहीत, नोंद झाली, अंगावर पांढऱ्या पेंटनं नंबर टाकला गेला. दुसऱ्या दिवशी यूसी रवाना. तिसऱ्या दिवशी मी छिन्नी-हातोडा घेऊन गेलो, कारण भट्टी करायची तर बुडाला भोकं पाडावी लागतात. स्टोअरकीपर भाऊ धावत आले, त्यांचा आवाज चिरकला होता. "सर! डेड स्टॉकला भोकं?"

म्हटलं भट्टी आहे ती.

"रजिस्टरला ड्रम आहे सर. भोकं पाडली तर तो ड्रम राहत नाही. आधी निर्लेखनाचा, म्हणजे रजिस्टरातून नाव काढाचा, ठराव लागते, कमिटी बसते, मंग पाडा."

त्या संध्याकाळी मी चाचांकडे गेलो, खिशातून सातशे काढले आणि जुना ड्रम घेतला. भोकं त्याला आधीच होती, गंजाची.

पहिली भट्टी आम्ही काकांच्या वावरात एप्रिलच्या पहिल्या रविवारी लावली. पऱ्हाटी फक्त त्यांच्याकडेच उरली होती, तीही काकूंनी चुलीसाठी घराच्या मागं रचून ठेवलेली, त्या दाराशी उभ्या राहून प्रत्येक पेंडी मोजत होत्या आणि "जळन नेऊन रायले माह्यं" असं हवेला सांगत होत्या. पण पेटली मस्त. वर ज्वाळा, धूर जवळपास नाहीच, पोरं गोल करून उभी, काकांनी निखाऱ्याच्या कडेला चार वांगी भाजायला ठेवली. मग रिपोर्टसाठी फोटो. बॅनर धरून एक, बॅनर सरळ करून एक, सरपंचताई आल्यावर पुन्हा एक, शहरातल्या सहयोगी प्राध्यापकांना व्हिडिओ कॉलवर घेऊन एक. या नादात ज्वाळा बसल्या की पाणी मारायचं असतं ते मारायचं राहिलं. वांगी खाऊन, हात धुऊन परत आलो तर ड्रममधे पांढरीशुभ्र राख.

काका बराच वेळ वाकून आत बघत होते. म्हणाले, "सर, राख त मी फुकटातच करून देली असती."

दुसऱ्या रविवारी बॅनर नेलं नाही. दिवसभरात क्विंटलभर पऱ्हाटीतून बावीस किलो कोळसा निघाला, हातात घेतला तर काचेसारखा किणकिण वाजतो, काकांनी एक तुकडा कानाशी वाजवून पाहिला आणि खिशात टाकला. काकूंनी पाच किलो इस्त्रीवाल्याला विकला, ते रिपोर्टमधे नाही.

मे महिन्यात पाहणी समिती आली. तीन सदस्य, दोन गाड्या. त्यांना भट्टी बघायची नव्हती, मालमत्ता बघायची होती. मालमत्तेला शिपाईमामांनी ओल्या फडक्यानं पुसून झेंडूचा हार घातलेला. एका सदस्यानं नंबर रजिस्टरशी ताडून पाहिला, दुसऱ्यानं बोटानं टकटक केली, आणि शेऱ्यात "प्रकल्पाची मालमत्ता उत्कृष्ट स्थितीत आढळली" असं लिहिलं. जेवणात पाटोडीचा रस्सा होता, तोही उत्कृष्ट आढळला.

परवा चाचा प्रयोगशाळेचं जुनं फर्निचर तोलायला आले होते. कोपऱ्यातल्या निळ्या ड्रमाजवळ थांबले, चारी बाजूनं फिरले, हळूच एक थाप मारली.

"सर, हा इकाचा हाये का? मी चारशे देतो. पन बिल नाही भेटन."