कवी बघायला आलेली माणसं

परवा पुस्तक प्रदर्शनात एका लेखकाची सही घ्यायला पाऊण तास रांगेत उभा राहिलो. सही मिळाली, सेल्फीही मिळाला. पुस्तकाचं सहीचं पान सोडून दुसरं एकही पान अजून उलटलेलं नाही. तेव्हापासून जॉन क्लेअर डोक्यातून जात नाहीये.

क्लेअर म्हणजे इंग्लंडातल्या हेल्पस्टन गावचा शेतमजूर. १८२० साली त्याचा पहिला कवितासंग्रह आला आणि वर्षभरात चार आवृत्त्या निघाल्या. मजूर कविता करतो, याचंच अप्रूप जास्त. मग काय, बडी मंडळी 'शेतकरी कवी' बघायला गावात यायला लागली. हा शेतात राबतोय आणि बोलावणं येतंय, पाहुणे आलेत. हातातलं काम टाकून घरी यायचं, त्यांच्या नको त्या चौकशांना उत्तरं द्यायची. तेवढा रोज बुडाला तो बुडालाच.

त्याच काळातला दुसरा इंग्रज कवी बायरन, त्याचं लोकांना लागलेलं वेड तर याहून मोठं. १८१४ मध्ये त्याच्या 'द कॉर्सेअर' या काव्याच्या १०,००० प्रती पहिल्याच दिवशी खपल्या. अनोळखी बायका पत्रं लिहून त्याच्याकडे केसांची बट मागायच्या! पण तो पडला लॉर्ड. चाहत्यांपायी त्याची चूल अडत नव्हती.

जुलै १८२४ मध्ये क्लेअर लंडनला आला होता. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर अचानक बायरनची अंत्ययात्रा समोर आली. शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीनं सुस्कारा टाकला, "बिचारा लॉर्ड बायरन!" क्लेअरनं हे लिहून ठेवलंय. मोठमोठ्या विद्वानांच्या स्तुतीपेक्षा त्याला साध्या माणसांची ही हळहळ मोलाची वाटली. मला विचाराल तर वाचक ती मुलगी. हेल्पस्टनला यायचे ते सगळे बघे.

पुढे फॅशन बदलली, पुस्तकं पडून राहिली, १८३७ मध्ये क्लेअर वेड्यांच्या इस्पितळात गेला. (त्याच काळातल्या कवी कीट्सला टीकाकारांनी मारलं म्हणतात, मारलं क्षयानं. तसंच क्लेअरला चाहत्यांनी वेडं केलं, असं मी म्हणणार नाही.) तिथं तो स्वतःला बायरन समजायचा. बायरनच्या काव्यांचीच नावं घेऊन त्यानं स्वतःचा 'डॉन हुआन' लिहिला, 'चाइल्ड हॅरल्ड'ही. १८४१ मध्ये तिथून निसटला आणि वाटेत गवत खात ८० मैल चालत घरी आला. काही महिन्यांतच पुन्हा इस्पितळ, आता नॉर्थॅम्प्टनचं, ते १८६४ मध्ये मरेपर्यंत.

तिथल्या चर्चच्या ओसरीत तो बसलेला असायचा. येणारेजाणारे चिमूटभर तंबाखू द्यायचे, आणि हा त्यांना चार ओळी लिहून द्यायचा.