आधी नदीपलीकडून शहर बघा, मग त्याची बिअर प्या

जर्मनीतल्या कोलोनला येणाऱ्या आपल्या मंडळींना मी आधी एक गोष्ट सांगते. डोमवर, म्हणजे इथल्या प्रचंड कॅथेड्रलवर, जरूर चढा. ५३३ पायऱ्या आहेत, दक्षिण मनोऱ्यात जवळजवळ ९७ मीटरपर्यंत जाता येतं आणि दगडातली नक्षी अगदी हाताशी येते. पण तिथून जे कोलोन दिसतं त्यात डोमच नसतो! म्हणून सकाळ डोमला द्या आणि संध्याकाळ ऱ्हाईन नदीच्या पलीकडच्या काठाला, तीही गाइड घेऊन. सूर्यास्ताच्या आधी तिथल्या उंच गच्चीवर, अंधार पडला की पूल ओलांडून खाली ब्राउहाउसमध्ये, म्हणजे इथल्या बिअरच्या खानावळीत, याच क्रमाने.

मी बॉनला राहते, त्यामुळे भारतातून कुणीही आलं की कोलोनची फेरी ठरलेलीच. दर वेळी कुणीतरी विचारतंच, "अगं, बिअर प्यायला गाइड कशाला? आणि गच्चीवरून फोटो काढायला कोण शिकवणार?" प्रश्न रास्त आहे, खर्चाचा आहे. पण मला मनापासून वाटतं की या शहराचं दृश्य आणि या शहराची बिअर या दोन्ही गोष्टी आपोआप टिकलेल्या नाहीत. माणसांनी बसून, भांडून, सह्या करून त्या टिकवल्या आहेत. हे कुणी सांगितलंच नाही तर समोर उरतो एक सुंदर फोटो आणि एक छोटा ग्लास.

पलीकडच्या काठाला डॉइट्झ म्हणतात. अस्सल कोलोनकर या काठाला थोडं कमीच लेखतात, आणि शहराचं सगळ्यात चांगलं दर्शन मात्र इथूनच होतं. स्टेशनाजवळ कोल्नट्रायँगल नावाची १०३ मीटर उंच काचेची इमारत आहे. तिच्या माथ्यावर चहूबाजूंनी काचा लावलेली गच्ची आहे आणि समोर काय दिसतंय त्याची नावं त्या काचांवरच छापलेली आहेत. आपलं तोंड पश्चिमेला असतं. खाली नदी, तिच्यावर होहेनत्सोलर्न पुलाच्या लोखंडी कमानी, आणि पुलाच्या टोकाला थेट डोम. १५७ मीटर. डावीकडे ग्रोस सांक्ट मार्टिन चर्चचा जाडजूड चौकोनी मनोरा, त्याच्या पायाशी जुन्या गावातली उतरत्या छपरांची रंगीत घरं, आणखी डावीकडे जुन्या बंदरात क्रेनच्या आकाराच्या तीन इमारती. दूर मागे कोलोनियस हा २६६ मीटरचा टीव्ही टॉवर. हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला आमच्या बॉनकडचे सातडोंगरही दिसतात. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे घाई करायचं कारण नाही. फक्त गच्ची किती वाजेपर्यंत उघडी आहे ते आधी बघून घ्या.

आता हे सगळं काचेवर वाचता येतं, मान्य. काचेवर काय लिहिलेलं नाही ते सांगते.

डोमला १९९६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. २००४ मध्ये युनेस्कोने त्याला थेट 'धोक्यातल्या' यादीत टाकलं. डोमला तडा गेला नव्हता, छत गळत नव्हतं. कारण होतं डॉइट्झच्या काठावर आखलेले टॉवर. ते उभे राहिले तर नदीपात्रासह दिसणारा डोम आणि त्याचं शहरावरचं मोठेपण हरवेल, असा आक्षेप होता. शहरात मोठा वाद झाला. एका बाजूला गुंतवणूक, नोकऱ्या, नवं शहर. दुसऱ्या बाजूला एक दृश्य, ज्याचा सातबारा कुणाच्याच नावावर नाही. शेवटी बाकीचे टॉवर रद्द झाले, डॉइट्झच्या बाजूलाही संरक्षित पट्टा आखला गेला आणि २००६ मध्ये डोम त्या यादीतून बाहेर आला. तोवर एकच टॉवर बांधून होत आला होता. आपण ज्याच्या गच्चीवर उभे आहोत, तोच तो.

हे मला गच्चीवर उभं असतानाच एका गाइडबाईंनी सांगितलं, आणि त्यानंतर समोरच्या मोकळ्या आकाशाकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. जिथे काहीच नाही, तिथे काही का नाही हे कळलं. क्षितिज म्हणजे शहराने काय बांधलं एवढंच नसतं, काय बांधू दिलं नाही हेही त्यातच असतं. हे नदीकाठच्या बाकावर बसून सुचत नाही, वर गेल्यावरच दिसतं. म्हणून मी आधी वर जायला सांगते.

आणि हा डोमसुद्धा किती रखडलेला! पायाचा दगड १२४८ मध्ये बसला. १५६० च्या सुमारास काम थांबलं ते जवळजवळ तीन शतकं. अर्धवट दक्षिण मनोऱ्यावर लाकडी क्रेन तशीच उभी राहिली, पिढ्यान्‌पिढ्यांनी शहराची ओळख म्हणून ती क्रेनच पाहिली. ती उतरवली १८६८ मध्ये. काम पुन्हा सुरू झालं होतं १८४२ मध्ये आणि पुरं झालं १८८० मध्ये. त्यानंतर चार वर्षं ही जगातली सर्वांत उंच वास्तू होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात चौदा बॉम्ब अंगावर पडूनही डोम उभा राहिला, पण भोवतालचं शहर जमीनदोस्त झालं. ३० मे १९४२ च्या रात्री हजार विमानांचा पहिला हल्ला याच शहरावर झाला होता. शहरातली रोमनेस्क या मध्ययुगीन शैलीतली बारा चर्चेस जवळजवळ सगळीच उद्ध्वस्त झाली आणि ती सावरायला पुढची चाळीस वर्षं लागली. आपण ज्याला जुनं गाव म्हणून फोटोत घेतो त्यातलं पुष्कळसं युद्धानंतर पुन्हा उभारलेलं आहे. मला त्यामुळे ते खोटं वाटत नाही. उलट जास्त जवळचं वाटतं.

मग पूल. ६ मार्च १९४५ ला माघार घेताना जर्मन सैन्यानेच तो उडवला. पुन्हा बांधला तेव्हा त्यावर मोटारींना जागा ठेवली नाही. आज फक्त रेल्वे, सायकली आणि माणसं. कठड्याला प्रेमिकांनी लावलेली कुलपं आहेत, ती तुम्हाला दिसतीलच. मला आवडतो तो पायांखालचा थरथराट. दिवसाला हजाराहून जास्त गाड्या शेजारून जातात.

पूल उतरला की फिलहार्मोनी या संगीत-सभागृहाच्या वरचा चौक लागतो. सभागृह त्याच्या बरोब्बर खाली आहे, जमिनीच्या पोटात. वरून कुणी टाचा वाजवत गेलं किंवा चाकांची बॅग ओढत गेलं की खाली ऐकू येतं! म्हणून कार्यक्रम चालू असताना तिथे माणसं उभी असतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विनंती करून बाजूने पाठवतात. कित्येक वर्षं हे चाललंय. खालच्यांचं गाणं नीट व्हावं म्हणून वरच्यांनी दहा पावलं जास्त चालायची. मला हे शहर आवडतं ते अशा गोष्टींमुळे.

आणि मग ब्राउहाउस. इथे मात्र घाई करू नका.

कोलोनची बिअर म्हणजे क्योल्श. फिकट सोनेरी, गाळलेली, स्वच्छ, साधारण ४.८ टक्क्यांची. दिसायला नेहमीच्या लागर बिअरसारखी, पण ती आंबवतात वर तरंगणाऱ्या यीस्टने, थोड्या उबेत, आणि नंतर काही आठवडे थंडीत मुरू देतात. त्यामुळे वासात फळाची पुसटशी छटा येते आणि शेवट कोरडा, हलका कडवट लागतो. पहिल्या घोटाला "एवढंच?" असं वाटू शकतं. थांबा जरा. ही गप्पांसोबत प्यायची बिअर आहे, स्वतःकडे लक्ष वेधून घेणारी नाही.

ग्लास उंच, सरळ, नाजूक, फक्त २०० मिलिलिटरचा. म्युनिकच्या एक लिटरच्या मगाशेजारी औषधाचं माप वाटावं इतका. पण क्योल्शचा फेस लवकर बसतो आणि ती कोमट झाली की चव जाते, म्हणून थोडी थोडी, ताजी ताजी द्यायची पद्धत. वेटरला इथे क्योबेस म्हणतात. निळा एप्रन, हातात मधे दांडा असलेला गोल ट्रे, त्यात ग्लास खोचलेले. तुमचा ग्लास संपत आला की न विचारता नवा ठेवतो आणि तुमच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. निघताना रेघा मोजून बिल. नको असेल तर चकती ग्लासवर झाकून ठेवायची. बोलणं फटकळ असतं, आपल्याकडच्या जुन्या खानावळीतल्या काकांसारखं, ते मनावर घ्यायचं नाही.

माझी पसंती सांगते. डोमच्या सावलीत फ्रूह आहे, १९०४ पासूनचं. तिथली क्योल्श सौम्य, सुरुवातीला चांगली, पण गर्दी फार. हॉयमार्क्ट चौकाजवळचं माल्झम्यूल १८५८ चं. त्यांच्या बिअरमध्ये माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोडवा जाणवतो. १९९९ च्या जी-८ परिषदेच्या वेळी बिल क्लिंटन तिथे जेवायला गेले होते. आणि फ्रीझनश्ट्रासवरचं पेफगेन, १८८३ चं: पिंपातून थेट ग्लासात, हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा, कडवटपणा ठळक. मला पेफगेन सर्वांत जास्त आवडतं. या तिन्ही ठिकाणी एका संध्याकाळी एकेक ग्लास घेतला तरी 'सगळ्या क्योल्श सारख्याच' हे म्हणणं किती चुकीचं आहे ते कळतं, आणि सगळी मिळून एका बाटलीएवढीच बिअर पोटात जाते. शाकाहाऱ्यांनी काळजी करू नये. 'हाल्वे हान' मागवा: राय पिठाचा पाव, मुरलेल्या गाउडा चीजचा जाड काप, मोहरीची चटणी, कांदा. माझी साताऱ्याची मावशी बिअरला हात लावत नाही. ती माल्झम्यूलमध्ये माल्टचं गोड, बिनअल्कोहोलचं पेय घेऊन शेवटपर्यंत मजेत बसली आणि क्योबेसशी मराठीत बोलली. त्यानेही उत्तरं दिली.

आता सह्यांची गोष्ट. १९८६ मध्ये बिअर बनवणाऱ्या २४ ब्रुअऱ्यांनी एकत्र येऊन क्योल्श करार केला. कोलोन आणि परिसरातच बनलेली, वरच्या यीस्टने आंबवलेली, फिकट, गाळलेली, बिअरमध्ये काय घालायचं हे ठरवणारा जर्मन शुद्धता-नियम पाळणारी असेल तरच तिला क्योल्श म्हणायचं. ती कोणत्या आकाराच्या ग्लासात द्यायची तेही त्यात आहे. हीच बिअर न गाळता दिली तर तिला क्योल्श म्हणता येत नाही, ती 'वीस' (Wiess) या नावाने विकतात. पुढे युरोपीय संघानेही या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं. एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारे २४ धंदेवाले एका टेबलाशी बसले आणि मोठ्या कंपन्यांनी हे नाव कुठेही, कशावरही चिकटवायच्या आधी त्यांनी ते शहराशी बांधून टाकलं. नदीपलीकडचे टॉवर अडवणं आणि हे, माझ्या मते एकाच वृत्तीची कामं आहेत. म्हणून मी गच्ची आणि ब्राउहाउस वेगवेगळ्या दिवशी करू देत नाही.

गाइड निवडताना एवढं बघा: तो किती ग्लास फुकट देणार हे आधी सांगत असेल तर नको. अशा एका सहलीत मी गेले आहे. तासाभरात चार ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी घड्याळ लावून ग्लास रिकामे करायला लावले, डोमबद्दल एक वाक्य नाही. आपल्याकडे बिअरचा विषय निघाला की एक तर नाकं मुरडली जातात, नाही तर रिकाम्या बाटल्यांचे फोटो पडतात. यांच्या मधे एक शांत जागा आहे. तिथे पेय हा एखाद्या गावाच्या कारागिरीचा भाग असतो, कांदेपोह्यांइतक्या मोकळेपणाने त्यावर बोलता येतं, आणि न पिणाऱ्यालाही त्या टेबलावर पूर्ण मान असतो. ती जागा आपल्याकडे वाढावी असं मला कळकळीने वाटतं.

आणि ती वाढू शकते. पुण्यात डूलालीने २००९ मध्ये स्वतःची बिअर बनवून विकायला सुरुवात केली, त्यानंतर पुण्या-मुंबईत अशा जागा कितीतरी झाल्या. क्षितिजाचं म्हणाल तर मुंबईच्या ओव्हल मैदानावर उभं राहून बघा. एका हाताला हायकोर्ट आणि विद्यापीठाचे व्हिक्टोरियन गॉथिक मनोरे, दुसऱ्या हाताला आर्ट डेकोच्या बुटक्या, गोलसर गॅलऱ्यांच्या इमारती. २०१८ मध्ये युनेस्कोने या दोन्ही मिळून जागतिक वारसा ठरवल्या. नागरिकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला म्हणून ते झालं. आपल्या पुरातत्त्व कायद्यात संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आहे, पण ते अंतर जमिनीवर मोजलेलं. लांबून, पाण्यापलीकडून, टेकडीवरून ते कसं दिसेल हा प्रश्न आपल्याकडे अजून पुरेसा विचारला जात नाही. मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कमधून मरीन ड्राइव्हची कमान दिसते. तिथे उभं राहून हा प्रश्न लोकांना विचारायला लावणारा कुणीतरी हवा.

तर मुंबईत वारसा-फेऱ्या घेणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल, त्यांनी अशी एक संध्याकाळ आखावी: सूर्यास्ताला कमला नेहरू पार्क, मग चर्चगेटपर्यंत आर्ट डेको बघत चालणं, शेवटी शहरातच बनलेल्या दोन-तीन बिअर थोड्या थोड्या, बनवणाऱ्याशी बोलत, आणि न पिणाऱ्यांसाठी कोकम सरबत. मी डिसेंबरमध्ये येते आहे. मावशीपण येणार म्हणते. आमची दोन नावं लिहून घ्या.