मंडळीने तलवार म्यानात ठेवावी, तोंड मात्र बंद ठेवू नये

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाच्या ग्रुपवर हल्ली सारखा एकच विषय चालू असतो. कुठल्यातरी गावातल्या प्रार्थनासभेचा व्हिडिओ येतो, लोक आत घुसलेत, खुर्च्या फेकल्यात, पाळकांच्या, म्हणजे पाद्र्यांच्या, कॉलरला धरलंय, बायका लेकरांना घेऊन भिंतीला टेकल्यात, आणि खाली पोरं लिहितात की अजून किती दिवस गाल पुढे करायचा? परवा एकाने लिहिलं की प्रत्येक मंडळीने आपली दहा-वीस पोरं तयार ठेवली पाहिजेत, लाठीकाठी शिकवली पाहिजे, मग बघू कोण आत येतं. त्याला धडाधड अंगठे पडले. ही पोरं वाईट नाहीत हो. संडे स्कूलपासून मी त्यांना बघतेय. त्यांचा राग मला समजतो, तो व्हिडिओ बघून माझेही हात थरथरले होते. पण त्यातल्या एकालाही आपल्या मंडळीतल्या कुणी बसवून नीट उत्तर दिलेलं नाही, वडीलधारे नुसते "प्रार्थना करा" म्हणून मोकळे होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं म्हणणं आधीच सांगते. हात उचलायचा नाही. आणि तो आपण थोडे आहोत म्हणून नाही. "आपली संख्या कमी, म्हणून आपल्याला अहिंसा परवडते" असं जे काही जण दबक्या आवाजात सांगतात ते मला अजिबात पटत नाही, कारण त्याचा अर्थ असा होतो की उद्या संख्या वाढली की हात सोडायला मोकळे. प्रभू येशूने असं कुठे सांगितलंय? गेथशेमाने बागेत प्रभूला पकडायला आले आणि त्याचा शिष्य पेत्र याने तलवार उपसली तेव्हा त्याच्याकडे जे कारण होतं त्याहून चांगलं कारण जगात कुणाकडे असणार, तो प्रत्यक्ष प्रभूलाच वाचवायला निघाला होता. तरी प्रभूने त्याला तलवार परत जागेवर ठेवायला सांगितली, आणि पेत्राने ज्याचा कान कापला त्या मल्ख नावाच्या नोकराला बरं केलं. पकडायला आलेल्या टोळीतला माणूस तो! अटक होण्याआधीचं शेवटचं बरं करणं त्याच्या वाट्याला आलं. आता धर्माच्या रक्षणासाठी काठी उचलायची म्हणणाऱ्याने मला सांगावं की आपलं कारण पेत्राच्या कारणापेक्षा मोठं कसं.

यावर पोरांचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं, मग काय नुसता मार खात बसायचं? नाही. इथेच आपल्याकडे मोठा घोटाळा झालाय. महायाजकापुढे, म्हणजे यहुद्यांच्या मुख्य धर्मगुरूपुढे, चौकशी चालली असताना शिपायाने प्रभूच्या तोंडात मारली तेव्हा तो गप्प बसला नाही, त्याने सरळ विचारलं की मी चुकीचं बोललो असेन तर ते दाखव, बरोबर बोललो असेन तर मला मारतोस कशाला? प्रेषित पौलाला फिलिप्पै शहरात फटके मारून तुरुंगात टाकलं आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप सोडून द्यायला निघाले, तर हा म्हणाला आम्ही रोमी नागरिक आहोत, आम्हाला चौकशी न करता उघड मारलंत, आता तुम्ही स्वतः इथे या आणि आम्हाला बाहेर न्या. पुढे तर त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. म्हणजे एफआयआर करणं, वकील देणं, कोर्टात साक्षीला उभं राहणं, पेपरात लिहिणं, कलेक्टर ऑफिसवर शांतपणे मोर्चा नेणं, यातलं काहीही बायबलच्या वचनाच्या विरोधात नाही. संविधानाच्या २५व्या कलमाने जे धर्मस्वातंत्र्य दिलंय ते मागणं हा आपला हक्क आहे आणि मागितलंच पाहिजे. फक्त आपल्या हाताने दुसऱ्याच्या अंगाला इजा करायची नाही, आणि त्याच्याबद्दल मनात विष धरायचं नाही. दुसरं जास्त अवघड आहे.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते आपल्याच देशात दिसलंय. ग्रॅहम स्टेन्स हे नाव आजच्या पंचवीस वर्षांच्या पोरांना फक्त ऐकून माहीत असतं, म्हणून सांगते. ऑस्ट्रेलियाचा माणूस, १९६५ पासून ओडिशात मयूरभंज जिल्ह्यात बारीपद्याला कुष्ठरोग्यांच्या सेवेत. २२ जानेवारी १९९९ ला केओंझर जिल्ह्यातल्या मनोहरपूर गावी जंगल कॅम्पसाठी गेले होते, थंडीचे दिवस, रात्री दोन मुलांना घेऊन गाडीतच झोपले. फिलिप दहा वर्षांचा, तिमथी सहा वर्षांचा. मध्यरात्रीनंतर जमावाने गाडीला वेढा घातला, पेटवून दिली आणि बाहेर पडू दिलं नाही. गावातले लोक विझवायला धावले तर त्यांनाही अडवलं. सहा वर्षांचं लेकरू हो. माझ्या संडे स्कूलच्या पहिल्या बाकावर त्या वयाची मुलं बसतात, अजून त्यांना बुटाची नाडी बांधता येत नाही.

त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स मुलीबरोबर बारीपद्याला होत्या. त्या म्हणाल्या मी मारणाऱ्यांना क्षमा केली आहे. हे सगळ्यांना माहीत आहे, आपल्याकडे दरवर्षी प्रवचनात सांगतात. पण पुढचं कुणी सांगत नाही. क्षमा केली म्हणून त्यांनी केस मागे घ्या असं म्हटलं नाही. चौकशीसाठी नेमलेल्या वाधवा आयोगापुढे त्यांनी आपलं म्हणणं प्रतिज्ञापत्रावर दिलं. क्षमा माझी, कायद्याचं काम कायदा करेल, अशी त्यांची भूमिका राहिली. मुख्य आरोपी दारासिंगला २००३ मध्ये फाशी सुनावली गेली, २००५ मध्ये हायकोर्टाने तिची जन्मठेप केली आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने जन्मठेपच कायम ठेवली, आणि या सगळ्या काळात त्या बाईच्या तोंडून सूडाचा एक शब्द आला नाही. आणि मला सगळ्यात मोठी वाटते ती पुढची गोष्ट. दुसरी कुणी असती तर उरलेल्या मुलीला घेऊन पुढच्या विमानाने गेली असती आणि कुणी नावं ठेवली नसती. त्या राहिल्या. त्याच बारीपद्यात, त्याच कुष्ठाश्रमात, बोटं झडलेल्या माणसांच्या जखमा जिथे रोज धुवाव्या लागतात तिथे, २००४ पर्यंत. तिथे दवाखाना उभा राहिला. २००५ मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री दिली. मार खाणारा दुबळा असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा या बाईकडे बघावं.

आता कठीण भाग. आपल्याला शहीद सांगायला आवडतात, कारण त्यात आपण चांगले दिसतो. पण मंडळीच्या हातात सत्ता आली तेव्हा काय झालं तेही पोरांना सांगितलं पाहिजे, नाहीतर ती उद्या इंटरनेटवर वाचतील आणि म्हणतील तुम्ही आमच्यापासून लपवलंत. आपल्या शेजारी गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, सुरू झालं, ते कायमचं बंद व्हायला १८१२ उजाडलं. लोकांना पकडणं, छळणं, जाळणं, आणि सगळं कुणाच्या नावाने, तर ज्याने मल्खाचा कान बरा केला त्याच्या. याला "तो काळच तसा होता" म्हणून पांघरूण घालणाऱ्यांची मला चीड येते. काळ तसा नव्हता. त्याच सोळाव्या शतकात, त्याच युरोपात डर्क विलेम्स नावाचा माणूस होता.

हॉलंडमधल्या आस्परेन गावचा. मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि दुसऱ्यांना आपल्या घरात घेऊ दिला, एवढाच त्याचा गुन्हा, आणि पकडणारेही ख्रिस्तीच. थंडीत तो कैदेतून निसटला आणि गोठलेल्या पाण्यावरून पळाला. कैदेतलं खाऊन वाळून हलका झालेला, त्यामुळे बर्फ त्याला तोलून गेला. मागून पाठलाग करणारा माणूस मात्र बर्फ फुटून आत पडला आणि बुडायला लागला. डर्क सुटला होता. पलीकडे पोचला होता. तो मागे फिरला, त्या माणसाला हात देऊन वर काढलं, आणि तिथेच पुन्हा पकडला गेला. १६ मे १५६९ ला त्याला जिवंत जाळलं. मी ही गोष्ट संडे स्कूलला सांगितली तेव्हा एक मुलगी म्हणाली, टीचर, तो दुसऱ्या कुणाला हाक मारू शकला असता ना? मी म्हटलं, तोवर तो माणूस बुडाला असता गं. ती बराच वेळ काही बोललीच नाही.

दोन्ही बाजूंना ख्रिस्ती. जाळणारेही आणि जळणाराही. आफ्रिकेतल्या रवांडात १९९४ मध्ये पुन्हा तेच, हुतू जमातीच्या लोकांनी तुत्सी जमातीची कत्तल केली. देश बहुतेक सगळा ख्रिस्ती, आणि न्यांगे गावच्या चर्चमध्ये जीव वाचवायला आलेल्या तुत्सी लोकांवर ते चर्चच बुलडोझरने पाडलं, आत दीड-दोन हजार माणसं, आणि त्या गुन्ह्यात खुद्द तिथला फादर आंतरराष्ट्रीय न्यायालयात दोषी ठरला. वाचताना पोटात गोळा येतो. आणि त्याच देशात त्याच महिन्यात गिसेन्यी शहरात फेलिसिते नियितेगेका नावाची साठीच्या आसपासची धर्मसेविका होती, स्वतः हुतू, म्हणजे तिच्या जिवाला तसा धोका नव्हता. ती तुत्सींना आपल्या केंद्रात लपवायची आणि सीमेपलीकडे पाठवायची. तिचा भाऊ सैन्यात कर्नल. त्याने निरोप धाडला की तू तिथून निघ. तिने कळवलं की यांना टाकून एकटी वाचण्यापेक्षा यांच्याबरोबर मेलेलं बरं. २१ एप्रिलला त्या सगळ्यांबरोबर तिलाही मारलं. आता मला सांगा, त्या दिवशी रवांडात चर्च कुठे होतं? माझ्या मते त्या म्हातारीपाशी होतं, बाकी नुसत्या इमारती होत्या.

"पण बाई, एकटा माणूस असा मरू शकतो, अख्ख्या मंडळीने काय करायचं?" असं कुणी विचारेल. नागालँड बघा. पन्नाशीच्या दशकापासून तिथे बंडखोर आणि लष्कर यांच्यात लढाई चाललेली, गावंच्या गावं जळलेली. गंमत म्हणजे, नाही, गंमत कसली, दुःख म्हणजे, लढणारे नागा स्वतः बाप्टिस्ट पंथाचे ख्रिस्ती, ख्रिस्ताचं नाव घेऊन बंदूक चालवणारे. १९६४ च्या सुरुवातीला तिथल्या बाप्टिस्ट मंडळ्यांचं वोखाला अधिवेशन भरलं आणि त्यांनी शांती मिशनचा ठराव केला. आपल्याच लोकांना बंदूक खाली ठेवा म्हणायचं आणि सरकारलाही तेच सांगायचं, म्हणजे दोन्हीकडून संशय ओढवून घ्यायचा. आणि मिशनवर त्यांनी नावं कुणाची सुचवली? जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चालिहा, ब्रिटिश पाद्री रेव्हरंड मायकल स्कॉट, आणि आपले गांधीवादी शंकरराव देव. प्रत्यक्ष कामाला पहिले तिघे होते. बाप्टिस्ट लोकांनी हिंदू गांधीवाद्यांवर भरवसा टाकला, हे मला फार मोलाचं वाटतं. ६ सप्टेंबर १९६४ ला शस्त्रसंधी झाली. पुढे बोलणी फिसकटली, स्कॉटना १९६६ मध्ये सरकारने देशाबाहेर काढलं, प्रश्न सुटला नाही हे खरंच आहे. पण तोवर जी माणसं मेली नाहीत त्यांना विचारा तो ठराव फुकट गेला का.

आता एक गोष्ट जी बोलायचीच आहे, आणि ती बोलले की आमच्यातलेच काही जण नाराज होतात. स्वार्थत्याग, क्रूस उचलणं, हे शब्द आपल्या मंडळ्यांत नेमके कुणाला ऐकवले जातात? एक बाई रविवारी उपासनेला पदर डोळ्यापर्यंत ओढून बसायची. नवरा दारू पिऊन मारायचा, एकदा डोळा इतका सुजला होता की गीतपुस्तकातलं तिला वाचता येईना, शेजारणीने बोट ठेवून ओळ दाखवली. ती मंडळीतल्या एका वडिलांकडे, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या एका ज्येष्ठाकडे, गेली तर तिला सांगण्यात आलं, बहिणी, हा तुझा क्रूस आहे, सहन कर, प्रार्थना कर. माझं रक्त उसळतं हे आठवून. प्रभूने स्वतःचा जीव स्वतः दिला, माझा प्राण कुणी माझ्याकडून घेत नाही असं तो म्हणाला. जे स्वतःहून दिलं जातं त्याला त्याग म्हणायचं. दुसऱ्याच्या पाठीवर लादलं की तो जुलूम, आणि त्यावर वचन चिकटवलं की पाप. त्या बाईला अहिंसा शिकवायची गरज नव्हती, तिच्या नवऱ्याला होती, आणि त्याच्याकडे एकही वडील गेला नाही, कारण तो वर्गणी वेळेवर भरायचा.

त्याग वरून सुरू व्हायला पाहिजे. ज्याच्याकडे सोडण्यासारखं काही आहे त्याने सोडायचं. आणि आपल्याकडे सोडण्यासारखं पुष्कळ आहे. महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी चर्चच्या जमिनींवरून दोन-दोन गट कोर्टात आहेत, पिढ्या गेल्या, ख्रिसमसला एकाच आवारात दोन मांडव पडतात, कमिटीच्या निवडणुकीत एकमेकांच्या अंगावर जातात. बाहेरच्याने मारलं तर दुसरा गाल, आणि आपल्याच भावाने ट्रस्टीची खुर्ची मागितली तर वकील नंबर तीन! लाठीकाठी मागणारी पोरं हे लहानपणापासून बघतायत. आपल्या प्रवचनावर त्यांचा विश्वास बसत नाही यात नवल काय.

म्हणून येत्या कमिटी मीटिंगला मी तीन गोष्टी लेखी देणार आहे. एक, तरुण संघाला लाठी नको, वकील द्या. हल्ला झाला तर तक्रार कशी करायची, व्हिडिओ कसा जपायचा, मेडिकल कसं करून घ्यायचं, पोलिसांनी तक्रार घेतली नाही तर पुढे कुठे जायचं, याचं दोन दिवसांचं शिबिर. दोन, २३ जानेवारीला स्टेन्स बापलेकांसाठी प्रार्थना ठेवायची आणि त्यात तुरुंगात गेलेल्यांच्या घरच्यांसाठीही नाव घेऊन प्रार्थना करायची, त्यांचीही लेकरं बापाविना वाढलीत. तीन, पार्सोनेजच्या, म्हणजे पाळकांच्या घराच्या, मागच्या दोन खोल्या ज्या सध्या मंडपाच्या सामानाला दिल्यात त्या रिकाम्या करून मार खाणाऱ्या बायकांना रात्रीपुरता आसरा म्हणून उघडायच्या, ख्रिस्ती असो नसो, विचारायचं नाही.

तिसऱ्यावर भांडण होणार हे मला माहीत आहे. "उद्या तिचा नवरा दगड घेऊन आला तर?" असं कुणीतरी म्हणणारच. येऊ दे. पोलिसांना फोन करू आणि तोवर दारात आपण उभे राहू, मी पहिली. लाठीकाठीसाठी दहा-वीस पोरं तयारच आहेत म्हणता ना, त्यांनी रिकाम्या हाताने माझ्या शेजारी यावं. तुमच्या मंडळीत कुणी अशा खोल्या चालवल्या असतील तर चावी कुणाकडे असते, खर्च कसा भागवता, पोलीस स्टेशनला आधी कळवून ठेवता का, हे मला सांगा, मीटिंगच्या आधी हवंय.