तीन पायऱ्या, 45 इंच

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात आमच्या दादाने, म्हणजे चुलतभावाने, एक जुनी बातमी टाकली. कॅलिफोर्नियात व्हीलचेअरवरच्या एका गिऱ्हाइकाने चिपोटले या साखळी हॉटेलावर दावा लावला. का, तर काउंटरसमोरची भिंत उंच होती आणि आपला बरिटो (भात-राजमा भरलेली पोळीची गुंडाळी) भरताना त्याला दिसत नव्हता. माझं घर कॅलिफोर्नियातच. खाली दादाचा शेरा: "बघा, तुमच्या तिकडं लोकांना कामधंदे नाहीत."

दादाचं कोल्हापुरात हॉटेल आहे. मिसळ, वडा, चहा. दाराशी तीन पायऱ्या. शेरा कुठून आला ते मला लगेच कळलं. माझ्या बाबांनी त्याखाली नुसता एक हसरा चेहरा टाकला. चार वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून उजवी बाजू लुळी आहे आणि चाकाची खुर्ची सुटलेली नाही.

बातमी खोटी नाही. प्रकरण सॅन डिएगोचं. भिंत साधारण 45 इंच उंच, म्हणजे खुर्चीत बसलेल्याला पलीकडचं दिसू नये इतकी. पलीकडे भात, राजमा, साल्सा मांडलेला. उभं गिऱ्हाईक बोट दाखवून "हे घाल, ते नको" म्हणतं. कंपनीचं म्हणणं, मागितलंत तर चमच्यात किंवा वाटीत घेऊन दाखवू की! 2010 साली अपील न्यायालयाने ते मान्य केलं नाही. आपलं खाणं डोळ्यांसमोर बनताना बघणं हा इथे विकल्या जाणाऱ्या सेवेचाच भाग आहे, आणि चमचाभर नमुना दाखवून ती भरपाई होत नाही, असा निकालाचा आशय.

बाबा सहा महिने आमच्याकडे फ्रीमाँटला होते तेव्हा अशाच एका दुकानात गेलो होतो. काउंटर बुटका. बाबांना इंग्रजी येतं, पण झटक्यानंतर शब्द अडकतात. त्यांनी डावा हात उचलून राजम्याकडे बोट केलं. पोरीने एक डाव घातला. बोट तिथेच. तिने हसून अजून एक घातला. चार वर्षांत बाबांनी बाहेर स्वतः मागवून खाल्लेलं ते पहिलं जेवण. ते बोट दिसायला भिंत खाली यावी लागते, आणि ती आपोआप खाली आलेली नाही.

आता दादाची बाजू. चिपोटलेवर दावा लावणाऱ्या माणसाने त्याआधी 20 हून अधिक ठिकाणी असेच दावे लावले होते. खालच्या न्यायालयाने तेवढ्यावरून त्याच्या हेतूवर शंका घेतली होती. इकडे असे फिर्यादी आणि त्यांचे ठरावीक वकील हा एक उघड धंदाच आहे. 2022 मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसच्या सरकारी वकिलांनी मिळून अशा एका वकिली फर्मलाच कोर्टात खेचलं. माझ्या ओळखीच्या एका गुजराती बाईंचं छोटं चाटचं दुकान आहे. त्यांना नोटीस आली: स्वच्छतागृहातला आरसा उंच आहे. नियम असा, की आरशाची खालची कड जमिनीपासून 40 इंचांच्या वर नको. त्यांचा दोन इंच वर होता. आरसा खाली घ्यायला दहा मिनिटं लागली, तडजोडीला काही हजार डॉलर. "बेन, मला आधी सांगितलं असतं तर त्याच दिवशी काढला असता," असं त्या अजून म्हणतात, आणि त्यांचं काय चुकलं?

चुकलं ते गणित कॅलिफोर्नियाचं आहे. 1990 चा केंद्राचा अपंगांसाठीचा कायदा, एडीए, खासगी फिर्यादीला नुकसानभरपाई देतच नाही. दुरुस्तीचा हुकूम आणि वकिलाची फी, बस. पण कॅलिफोर्नियाचा उनरू नावाचा जुना नागरी हक्क कायदा त्याला जोडला, की दर वेळी किमान 4,000 डॉलर. मग नोटिशींचं पीक येतं. तरीही एक लक्षात घ्या, एडीएची मोजपट्टी घेऊन हॉटेलोहॉटेली फिरणारा केंद्राचा इन्स्पेक्टर इकडे नाही. तक्रारदार गिऱ्हाईक हाच इन्स्पेक्टर आणि प्रतिपक्षाकडून मिळणारी फी हाच त्याचा पगार. टाको बेल या दुसऱ्या साखळी हॉटेलाच्या कॅलिफोर्नियातल्या दुकानांवर 2002 मध्ये दावा लागला. रांगेचे कठडे इतके अरुंद की खुर्ची आत शिरायची नाही, दारं ढकलायला जड. कंपनीविरुद्ध निकाल यायला 2011 उजाडलं. नऊ वर्षं! इतक्या मोठ्या कंपनीला हात जोडून कठडे हलले असते, असं मला वाटत नाही.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा खासगी हॉटेलांनाही लागू आहे, आणि त्यात सुधारणेसाठी दिलेली मुदत कधीच संपली. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर सरकारचेच कान धरले: सुगम्यतेचे निकष निव्वळ सूचना म्हणून ठेवता येणार नाहीत, तीन महिन्यांत बंधनकारक नियम करा. पण दंड पहिल्या वेळी जास्तीत जास्त 10,000 रुपये, तोही सरकारजमा. तक्रार घेऊन पुण्याला आयुक्तांकडे जा, ते शिफारस करतील. खुर्चीवरच्या माणसाने एका मिसळीसाठी हे का करावं? मुंबईत खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात 2023 साली व्हीलचेअरवरच्या नवरीला लिफ्टविना दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावं लागलं. उपमुख्यमंत्र्यांनी माफी मागितली, ती चांगलीच गोष्ट. पण अशी जाहीर माफी त्या एका नवरीला मिळते, पुढच्या माणसाला जिना तसाच चढायचा असतो.

मला 4,000 डॉलरवाला कॅलिफोर्निया कोल्हापुरात नको. आधी नोटीस, दुरुस्तीला दोन-तीन महिने, आणि तरी हललं नाही तर गिऱ्हाइकाच्या वकिलाची फी मालकाने भरायची, एवढं चालेल. फुकटची माणुसकी मात्र मला पुरे झाली आहे. दादाच्या हॉटेलात बाबा गेले की चार पोरं धावत येतात. "काका, आम्ही हाय की!" म्हणत खुर्चीसकट उचलतात. प्रेमानेच. अख्खं हॉटेल मिसळ थांबवून बघतं. तिसऱ्या खेपेनंतर बाबांनी जाणंच सोडलं. विचारलं तर म्हणाले, "मला मिसळ खायला जायचं असतं, वरातीत नाही."

हे मी ग्रुपवर नाही टाकलं, दादाला फोन केला. तो आधी उखडला, मग हिशेब मांडायला लागला. तीन पायऱ्या म्हणजे 21 इंच. इंचाला फूट या हिशेबाने 21 फुटांचा उतार. "रस्त्याच्या मध्यापर्यंत जाईल तो, म्युन्सिपालटी मलाच उचलून नेईल." खरं आहे. गटार तुंबून पावसात पाणी आत येतं म्हणून आजोबांनी जोतं उंच घेतलं होतं, पायऱ्या हौसेच्या नाहीत.

"मागच्या दाराला काय आहे?" मी विचारलं.

"मागं चौक आहे, तिथं फळी आहे. सिलिंडर चढवायला."

थोडा वेळ तिकडून फक्त भांड्यांचा आवाज येत होता.

"पण मागनं आलं तर भटारखान्यातनं यावं लागंल काकांना," दादा म्हणाला. "कट उकळताना दिसंल."

मी म्हटलं, चालेल त्यांना. फळी किती लांब आहे ते मोजून सांग.