२९ नंबरचं लॉक

"मामा, एकदम निवांत सुट्टी. नाव ताशी चार मैलांच्या वर जातच नाही," असं भाचा म्हणाला, तेव्हाच मी कान टवकारायला हवे होते. आम्ही दोघं महिनाभर बर्मिंगहॅमला त्याच्याकडे होतो. कालवा म्हटला की माझ्यासारख्या पुणेकराला मुठेचा उजवा कालवा आठवतो, आणि त्याच्या काठाने माणूस नाक दाबून पटपट चालतो. कालव्यावर सुट्टी काढायची असते हे मला नवीन होतं.

वूस्टरहून बर्मिंगहॅमला जाणारा हा कालवा १८१५ साली पुरा झाला. वाटेत टार्डबिगचा चढ लागतो. पाण्याला काही चढ चढता येत नाही, म्हणून त्या लोकांनी तिथे सव्वादोन मैलांत तीस लॉक बांधून ठेवले आहेत. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना फाटकं असलेला विटांचा अरुंद हौद. नाव आत घ्यायची, मागचं फाटक लावायचं, पुढच्या झडपा वर करून वरचं पाणी आत सोडायचं. हौद भरला की नाव आपसूक वर येते. थोडक्यात, पाण्याची लिफ्ट. लिफ्टमन कोण, हे मी विचारलं नाही.

पहिल्या लॉकपाशी पोचलो, तर तिथे ठळक आकडा होता २९. तीसपैकी एकोणतिसावं! मी खूश.
"एकच राहिलं की रे."
"मामा, आकडे वूस्टरपासून मोजतात. आपलं हे पहिलं. शेवटचं ५८."
आणि माझ्या हातात काटकोनात वाकवलेलं एक लोखंडी हँडल ठेवून तो पुढचं लॉक तयार करायला निघून गेला.

सुकाणू हिच्याकडे गेलं. त्या नावेचं सुकाणू उलटं असतं, दांडा डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे वळतं. भाचेसून घाबरली, मी दोनदा काठावर आदळवली. ही मात्र पहिल्या वळणापासून सराईत. पस्तीस वर्षं घरात उलटं सांगून सुलटं करून घेतल्यावर आणखी काय होणार! लॉक सात फूट रुंद, नाव सहा फूट दहा इंच. म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक इंच. अप्पा बळवंत चौकातून जूनमध्ये स्कूटर काढलेल्या बाईला तो इंच पुरला.

मी वर. दातेरी दांड्याच्या चाकाला हँडल लावायचं आणि फिरवायचं. प्रत्येक दातागणिक खिट्टी टक्‌ टक्‌ टक्‌ वाजते, आणि तिसाव्या टकला आपला खांदाही वाजतो. मग खाली कुठेतरी गडगडाट होतो आणि हौद खवळून भरू लागतो. एका खेपेला लाखभर लिटर. मे महिन्यात सोसायटीत दहा हजारांच्या एका टँकरवरून शेजाऱ्याशी अबोला धरलेला माणूस मी. नावेला सात फूट उचलायला दहा टँकर सोडताना माझा हात थरथरला.

फाटकाला लांबलचक लाकडी तुळई असते. तिला पाठ टेकवायची आणि मागे रेटायचं. पाय घसरू नयेत म्हणून जमिनीत अर्धगोलात उभ्या विटा बसवल्यात. तिसऱ्या लॉकवर मी त्या विटांत बूट रोवले आणि जीव खाऊन रेटा दिला. तुळई ढिम्म. पुन्हा रेटा. मानेच्या शिरा तट्ट. काठावर कुत्रा घेऊन एक आजोबा उभे होते. कालव्यावर नुसत्या बघत उभ्या राहणाऱ्या लोकांना तिथे 'गाँगूझलर' असा खास शब्द आहे. आपल्याकडे 'बघे' म्हणून काम भागतं. आजोबा बराच वेळ बघत होते. मग अत्यंत सौजन्याने म्हणाले, "घाई करू नका. दोन्हीकडचं पाणी सारखं झालं की ते आपलं आपण उघडेल." कुत्र्यानेही माझ्याकडे तसंच पाहिलं. मिनिटभराने तुळई लोण्यातून सुरी जावी तशी सरकली, आणि मी अजून रेटतच असल्यामुळे गवतात बसलो.

३५. ३६. ३७. ही नावेतून चहाचा कप उंचावून विचारायची, "अहो, दमलात का?" आणि उत्तराआधीच नाव निघून जायची. ४१ नंबरला हँडल हातातून निसटलं आणि डुबुक्‌. क्षणभर वाटलं, सुटलो! भाच्याने शांतपणे खण उघडून दुसरं काढलं. "कंपनी दोन देते, मामा. पहिल्यांदा येणारे एक पाडतातच."

जेवताना त्याने माहिती पुरवली. पूर्वी ह्या कालव्यावर माल भरलेल्या नावा ओढायला घोड्यांऐवजी बऱ्याचदा गाढवांची जोडी लावत.
"मग ती गेली कुठे?" भाचेसुनेने विचारलं.
कोणी काही बोललं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, एवढंच.

५८ वं लॉक साडेचारला उरकलं. आदल्या रात्री नाव नांगरली होती तिथून साडेतीन किलोमीटर आणि २२० फूट. मी बाकावर आडवा झालो, आणि ही म्हणाली, "माझा चष्मा राहिला वाटतं गाडीत." गाडी खाली, २९ नंबरपाशी.

काठच्या पायवाटेने उतरू लागलो. ५७, ५६, ५५... सगळा दिवस खाल्लेला रस्ता पाऊण तासाचा निघाला. ४१ पाशी एक नाव चढत होती. काठावर माझ्याच वयाचा एक गृहस्थ तुळईला पाठ लावून, डोळे मिटून, लालबुंद होऊन रेटत होता. हौद अजून हातभर भरायचा होता. मी थांबलो. हात पाठीमागे बांधले. बराच वेळ बघितलं.

मग म्हणालो, "घाई करू नका."